चिनी मातीचं घड्याळ : एक अभ्यास

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुन्या शौकीन वस्तूंचा विषय निघाला की हैदराबाद येतंच. तिथल्या सालारजंग म्युझियममध्ये सगळी गर्दी कुक अँड केल्वीच्या घड्याळापुढे असते. दर तासाला छोटा दाढीवाला बाहेर येऊन टोले देतो. ते बघाच, पण तिथली इतर घड्याळं आणि युरोपियन चिनी मातीच्या वस्तूही सोडू नका. या दोन कला एकत्र आल्या की होतं मॅन्टल क्लॉक, म्हणजे शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचं घड्याळ. (धाराशिवच्या मे महिन्यात शेकोटी कोणाला हवी म्हणा!)

अमेरिकेतल्या ब्रुकलिनची अ‍ॅन्सोनिया कंपनी यंत्र बनवायची आणि तिच्या अनेक घड्याळांचं फुलाफुलांचं कवच जर्मनीतून, 'रॉयल बॉन' छापाचं यायचं. १९२९ मध्ये या कंपनीची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने घेतली.

आता आपल्या कामाचं. चिनी माती भट्टीत आकसते, त्यामुळे भोक कधीच अचूक मापाचं मिळत नाही. शिवाय तिला ताण सोसत नाही. फ्रेंच कारागिरांनी यावर झकास तोड काढली: पुढची कडी आणि मागची कडी दोन पट्ट्यांनी जोडायची आणि कवच मध्ये नुसतं धरायचं. स्क्रू जास्त आवळला की तडा गेलाच समजा.

लंबकाचं गणित फर्स्ट इयरचंच. पितळी दांडी २० अंश तापली तर लांबी ०.०३८ टक्के वाढते. आवर्तकाल वर्गमुळात असल्याने त्याच्या निम्मा फरक पडतो, म्हणजे दिवसाला सुमारे १६ सेकंद घड्याळ मागे. बऱ्याच घड्याळांत बाराच्या आकड्याजवळ बारीक भोक असतं. चावीच्या लहान टोकाने तिथून वेग कमी-जास्त करता येतो.

कोणाच्या वाड्यात असं घड्याळ बंद पडलेलं असेल तर आधी टिकटिक ऐका. 'टिक-टाक... टिक-टाक' अशी लंगडी चाल असेल तर बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं, घड्याळ तिरकं बसलेलं असतं. एका पायाखाली पुठ्ठा सरकवून बघा. हलवताना लंबक काढून ठेवा. आणि कोणी "मशीन काढून सेलवालं टाकून देतो" म्हणालं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. उरलेलं कवच फक्त फुलदाणीच्या लायकीचं राहतं, आणि काढलेलं यंत्र भंगारात किलोवर जातं.