काचेला घाम का येतो?



पावसाळ्यात सकाळी खिडकीची काच बघा. बाहेरून ती पावसाने भिजलेली असतेच, पण आतूनही तिच्यावर बारीक थेंब जमतात. बोटाने नाव लिहिता येतं! आजी म्हणते, "काचेला घाम आला." पण काचेला घाम येत नाही. मग हे पाणी येतं कुठून?

शास्त्र काय सांगते?
हवेत पाण्याची वाफ असते. गरम हवेत ती जास्त मावते, गार हवेत कमी. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅमच. घरातली ऊबदार हवा गार काचेला लागली की निवते आणि जास्तीची वाफ पाणी होऊन काचेवर बसते. याला सांद्रीभवन म्हणतात.

करून पहा
स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी घ्या आणि त्यात हळद घाला. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून थेंब येतील. ते पिवळे नसतील. म्हणजे पेला गळत नाही, ते पाणी हवेतलं आहे.

आपल्या घरात वाफ कुठून येते?
भाताच्या पातेल्यातून, न्हाणीतून, आपल्या श्वासातून आणि वलणीवरच्या ओल्या कपड्यांतून. ओली चादर काट्यावर तोला, वाळल्यावर पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी घरातल्या हवेत गेलं.

आमची आजी सांगते की जुन्या कौलारू घरात असं होत नसे. कौलांच्या फटींतून हवा खेळायची आणि वाफ निघून जायची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या मंडणगड तालुक्यात पुष्कळ घरांची कौलं उडाली. त्यानंतर अनेकांनी पत्रे घातले. काहींची घरं स्लॅबची आणि सरकत्या काचांची झाली. थंडीच्या रात्री पत्रा लवकर गार पडतो आणि पहाटे आतून टिपकतो. पाऊस नसताना पत्रा टिपकला तर तो गळतो असं समजू नका.

गळती की वाफ?
भिंतीवर ओल दिसली तर आधी ती पुसा. तिथे वीतभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा. दोन दिवसांनी बघा. पाणी आपल्या बाजूला असेल तर ती घरातली वाफ. पाणी प्लास्टिकच्या मागे असेल तर ओल भिंतीतून येते. एवढं पाहून मगच दुरुस्तीला पैसे घाला.

उपाय
१) पातेल्यावर झाकण ठेवा. रांधताना खिडकी उघडी ठेवा.
२) कपडे माजघरात नको, पडवीत वाळत घाला.
३) पावसाची उघडीप मिळाली की समोरासमोरच्या खिडक्या पंधरा मिनिटं उघडा. बाहेरची हवा दमट असते हे खरं, पण ती गार असल्यामुळे तिच्यात वाफ कमी मावते.
४) सकाळी काच कोरड्या फडक्याने पुसा आणि फडकं बाहेर पिळा.
५) कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. मागून हवा जाऊ दे.

एक धोका
कपडे वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतही नाही आणि जीव जातो.

हे का करायचं?
ओलीवर बुरशी येते. पुस्तकांना डाग पडतात, चामड्याची चप्पल पांढरी होते. त्याहून वाईट म्हणजे ज्यांना दमा आहे त्यांचा त्रास वाढतो. लहान बाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना खोकला धरतो. म्हणून पालकांनो, घरी गेल्यावर आधी खिडकी बघा. काच ओली असेल तर घरातली हवा कोंडली आहे, असं समजा.

सांगा पाहू!
१) आरशावर फुंकर मारली की तो धूसर का होतो?
२) पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी