दोर ओढणारे दोर

मॅगझीन कमिटीने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, मराठी सेकंड लँग्वेज, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. चू. भू. द्या. घ्या. पण यंदा सुट्टीत घरी मालवणला असं काही झालं की हा विषय मराठीत लिहायलाच हवा असं वाटलं. विषय आहे आपल्या शरीरातले स्नायू. इंजिनिअरिंगच्या पोराने हा उद्योग कशाला करावा ते पुढे कळेल.

माझे काका रापणीवर जातात. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकतात आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांच्या दोरांना माणसं लागतात. वाळूत टाचा रोवून, मागे रेलून, पाऊल पाऊल मागे जात जाळं ओढून आणतात. मशीन नाही, पुली नाही. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. तर काकांचा उजवा खांदा दुखावला. एमआरआय झाला आणि रिपोर्ट घरात वाचायचा कोणी? अर्थात मी, इंग्लिशवाला! त्यात लिहिलं होतं, ‘सुप्रास्पायनेटस टेंडन, पार्शियल टेअर.’ काका म्हणाले, “माका इंग्लिश नको. दोर ओढूक गावतलो काय, ता सांग मरे.”

मी सांगितलं, “काका, खांद्यातला स्नायू फाटलाय.”

“फाटलो? मगे शिवतत काय?”

मला उत्तर आलं नाही. काकांनी मात्र स्वतःचा अर्थ काढला. आयुष्यभर जाळी शिवलेला माणूस. फाटलेलं जाळं ओढलं की भोक मोठं होतं हे त्यांना माहीत. दीड महिना हात गळ्यात बांधून बसले, कोणाला हात लावू देईनात. परत दाखवायला नेलं तेव्हा खांदा आखडून गेलेला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी विचारलं, “हात हलवू नका असं कुणी सांगितलं?” सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मग मी पुस्तकं काढून बसलो.

पहिली गोष्ट जी मला बारावीपर्यंत बायॉलॉजी असूनही कधी डोक्यात शिरली नव्हती : स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. आपल्या मेकॅनिक्सच्या भाषेत तो दोर आहे, फक्त टेन्शन घेतो. मग आपण दार ढकलतो ते कसं? दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराच्या हाडाला मागून ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो. पुढचा बायसेप्स ओढतो तेव्हा हात दुमडतो. म्हणून स्नायू जोडीजोडीने असतात, एक ओढतो तेव्हा दुसरा ढिला सोडतो. रापणीला दोन्ही टोकांना माणसं लागतात, तसंच.

शरीरात असे सहाशेहून जास्त अस्थिस्नायू आहेत आणि साधारण 40 टक्के वजन त्यांचंच. अस्थिस्नायू म्हणजे हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेने हलणारे. हृदयाचा आणि आतड्याचा स्नायू यात येत नाही. स्नायू हाडाला थेट चिकटत नाही, शेवटी तो पांढऱ्या चिवट दोरीसारखा होतो, ती कंडरा. रिपोर्टातलं टेंडन ते हेच. आपल्याकडे कंडरा, नस, रक्तवाहिनी सगळ्याला ‘शीर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ ठरलेला. त्यात आणखी गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेत 500 पेशी आणि 900 स्नायू मोजलेत, पण तिथे पेशी म्हणजे आपला आजचा स्नायू आणि स्नायू म्हणजे कंडरा-बंध वगैरे. आज शाळेत पेशी म्हणजे सेल! मग माझ्यासारख्याने काय करायचं?

आता दोर ओढणाऱ्या माणसाकडे बघू. दोर पकडतात बोटं, पण बोटांत जवळजवळ स्नायूच नाहीत. पकड घट्ट करणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहिल्यात ना, तोच प्रकार. मूठ वळताना दुसऱ्या हाताने हा भाग चाचपून बघा, कळेल.

मग बायसेप्स आणि त्याच्याखाली लपलेला ब्रेकियालिस. एक छोटं गणित करू. कोपर काटकोनात दुमडून हातात 10 किलोची मासळीची टोपली धरली. कोपरापासून हात साधारण 35 सेंटिमीटर, पण बायसेप्स जोडलेला असतो कोपरापासून फक्त 5 सेंटिमीटरवर. मोमेंट्स घ्या : 10 गुणिले 35 भागिले 5, म्हणजे 70 किलोचा ताण, तोही हाताचं स्वतःचं वजन न धरता. इतकं तोट्याचं डिझाइन आपण सबमिशनला दिलं तर सर परत करतील. पण स्नायू थोडासा आखडला की हात भरपूर फिरतो. ताकद घालवून वेग आणि पल्ला मिळवलाय.

खरी ओढ मात्र पाठीतून येते. लॅटिसिमस डॉर्सी हा पाठीवर पंख्यासारखा पसरलेला स्नायू दंडाला मागे खेचतो, ट्रॅपेझियस आणि ऱ्हॉम्बॉइड खांद्याची पाती जवळ आणतात, मणक्याच्या दोन्ही बाजूंचे इरेक्टर स्पायनी कंबर वाकू देत नाहीत. हॉस्टेलच्या जिममध्ये आम्ही सगळे आरशात दिसणाऱ्या स्नायूंच्या मागे, म्हणजे छातीचा पेक्टोरालिस आणि पोटाचा रेक्टस अ‍ॅब्डॉमिनिस, ज्याचे सिक्स पॅक म्हणतात! रापणीवरच्या म्हाताऱ्यांची पाठ बघा एकदा.

खाली पायांत ग्लुटिअस मॅक्सिमस, शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. मांडीचा पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, मागचे हॅमस्ट्रिंग दुमडतात. पोटरीत दोन, गॅस्ट्रोक्नेमिअस आणि सोलिअस. सोलिअस हळू पण न थकता काम करणारा, तासन् तास उभं राहणं त्याच्या जिवावर. असे न थकणारे तंतू लालसर असतात. बांगडा कापताना बाजूला काळपट पट्टा दिसतो ना, ते मांस याच जातीचं, सतत पोहायला लागणारं.

आत तंतूंच्या आत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे धागे एकमेकांवर सरकतात. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी मांडलं. मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडतं, ओढतं, सोडतं, परत पकडतं. हातावर हात टाकून दोर ओढतात तसंच. सोडायला एटीपी लागतं. मासा मेल्यावर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून मासा ताठ होतो. आणि फिजिक्समध्ये जाळं जागचं हललं नाही तर वर्क झिरो, पण नुसता दोर धरून उभ्या माणसाला घाम फुटतो, कारण आत हे पकडणं-सोडणं चालूच असतं. व्हायव्हाला कोणी विचारलं तर सांगा!

आता खांदा. खुब्याचा सांधा खोल उखळीसारखा, पण खांद्याची उखळ अगदी उथळ, बशीत लिंबू ठेवावं तशी. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निसटायची भीती. बाहेरचा गोलाईदार डेल्टॉइड हात वर उचलतो, पण त्याची ओढ हाडाला वर सरकवते. ते हाड बशीत दाबून धरायला आत चार स्नायू आहेत : सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. होडीच्या डोलकाठीला चहूबाजूंनी ताण बांधतात, ते काम हे चौघे करतात. काकांचा चारातला एक ताण अर्धवट झिजून उसवला होता, तुटला नव्हता. अशा वेळी बहुतेकदा आधी ऑपरेशन नाही, बाकीचे तीन आणि पाठीचे स्नायू हळूहळू बळकट करायचे आणि सांधा आखडू द्यायचा नाही. म्हणजे मी सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

हे सगळं मी काकांना पडवीत बसून, डोलकाठीचं चित्र काढून सांगितलं. ते म्हणाले, “असा सांगलंस असतंस तर आदीच हात हलयलंय असतंय.” रागावले नाहीत, पण काकी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आता ते रोज दाराच्या चौकटीवर बोटांनी चढतात, म्हणजे बोटं एक एक सरकवत हात वर नेतात, आणि जिथे दुखतं तिथे काकी पेन्सिलने रेघ मारते. मी निघालो तेव्हा रेघ काकांच्या कानाच्या वर गेली होती. रापणीवर ते जाळी शिवायला बसतात, दोराला अजून हात लावायचा नाही. परवा फोनवर सांगत होते, चौकट संपायला चार बोटं राहिली.