अंथरूण पाहून पाय पसरावे, पण अंथरूण मोजायचं कसं?

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली आहे. वाक्यात उपयोगही केला आहे. पण अंथरूण केवढं आहे, हे मोजायचं कसं, ते मात्र कुणी शिकवलं नाही. आमच्या घरी ते शिकायची वेळ आली, ती ग्वाल्हेरच्या थंडीत.

आमच्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा पाच अंशांच्या खाली जाणं काही नवीन नाही. नाताळची सुट्टी संपली, परीक्षा जवळ आली आणि त्याच आठवड्यात विजेचं बिल आलं. बाबांनी जेवताना आकडा मोठ्याने वाचला. मग नेहमीचंच सुरू झालं : दिवे बंद करत जा, मोबाइल रात्रभर चार्जिंगला लावू नका. आजी काही बोलली नाही. चार दिवसांनी तिला खोकला धरला, तेव्हा आईच्या लक्षात आलं की आजी गार पाण्याने अंघोळ करतेय. विचारलं तर म्हणाली, "अगं, म्हातारीला कशाला रोज गरम पाणी? तेवढंच बिल कमी येईल."

त्या रात्री मी वही घेऊन बसले. तो हिशेब म्हणजेच आजचा धडा.

१. आधी मोजा

प्रत्येक विजेच्या उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले तास, भागिले १००० म्हणजे युनिट. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागलं की आपल्याला एक युनिट खरोखर कितीला पडतं ते कळतं. आमच्याकडे ते साधारण आठ रुपये निघालं.

आता हे बघा. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तर महिन्याला होतात १.३५ युनिट, म्हणजे अकरा रुपयांच्या आसपास. आणि माझ्या खोलीतला २००० वॅटचा ब्लोअर अभ्यासाच्या नावाखाली रोज तीन तास सलग चालायचा. तो खातो महिन्याला १८० युनिट, म्हणजे १४४० रुपये!

घरात आठवडाभर दिव्यांवरून वाद चालला होता आणि खरा चोर माझ्या पायाशी बसून घूं घूं करत होता.

२. अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

पाणी तापवण्यासाठी एक सोपं सूत्र लक्षात ठेवा. किती लिटर पाणी, ते किती अंश तापवायचं, या दोन्हींचा गुणाकार करा आणि ८६० ने भागा. उत्तर युनिटमध्ये येतं. (एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते आणि एका युनिटमध्ये ३६०० किलोज्यूल असतात, त्यावरून हा आकडा निघतो.)

आजीची एक बादली म्हणजे २० लिटर. नळाचं पाणी १५ अंशांवर धरलं आणि ते ४० अंशांपर्यंत न्यायचं, तर २० गुणिले २५, भागिले ८६०. उत्तर ०.५८ युनिट. पावणेपाच रुपयांच्याही आत. महिन्याचे १४० रुपये.

माझ्या ब्लोअरचे १४४०, आजीच्या गरम पाण्याचे १४०. आणि सोडलं कुणी? आजीने. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिताना मला खरंच लाज वाटली.

गिझर असेल तर आणखी एक गोष्ट. तो तासन् तास चालू ठेवू नका. टाकीतलं तापलेलं पाणी नुसतं उभं असलं तरी निवत राहतं आणि गिझर ते पुन्हा पुन्हा तापवतो. अंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावा आणि घरातल्यांनी पाठोपाठ अंघोळी उरका.

३. खोली नव्हे, माणूस गरम ठेवा

ब्लोअर अख्ख्या खोलीची हवा तापवतो आणि ती हवा दाराखालच्या, खिडकीच्या फटींतून निघून जाते. त्यापेक्षा फटीला जुन्या कापडाची गुंडाळी लावा. दुपारी ऊन आत येऊ द्या, सूर्य कलला की खिडक्या लावून जाड पडदे ओढा. फरशीवर सतरंजी अंथरा. पायांत मोजे हवेतच.

रजईची ऊब कापसाच्या वजनात नसते, त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. कापूस दबला, दमट झाला की ती हवा जाते. म्हणून रजई उन्हात टाकायची. फारच गठ्ठे झाले असतील तर नवी घेण्याआधी जुना कापूस पिंजून घ्यायचा. कपड्यांचंही तसंच : एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरेचदा जास्त ऊब देतात.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. दोन लिटर पाणी १५ वरून ६० अंशांवर न्यायला लागतं ०.१ युनिट, एक रुपयासुद्धा नाही. तोच ब्लोअर तासाला सोळा रुपये घेतो. पिशवी मात्र उकळत्या पाण्याने भरू नका आणि टॉवेलमध्ये गुंडाळूनच द्या. म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, चटका चटकन बसतो.

४. स्वयंपाकघर

थंडीत मटार, गाजर, मुळा, मेथी स्वस्त असतात. खर्च वाचवायचा तो याच दिवसांत भरपूर भाजी खाऊन. मटार सोलून, उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढून, गार करून फ्रीझरमध्ये ठेवले की पुढे कामाला येतात. राजमा, छोले रात्रीच भिजत घाला. पाणी एकदा उकळलं की आच कमी करा. ज्योत मोठी ठेवली म्हणून उघड्या पातेल्यातलं पाणी जास्त गरम होत नाही, नुसती वाफ जास्त होते. आणि सकाळीच एक थर्मास गरम पाण्याने भरून ठेवा, म्हणजे दर वेळी गॅस पेटवावा लागत नाही.

५. इथे काटकसर नको

कोळशाची सिगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. गॅस गिझरही हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात तितकाच धोक्याचा. औषधं, म्हाताऱ्यांचं आणि लहान मुलांचं गरम पाणी, त्यांची ऊब यांतही कपात नको.

काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक मला आता असा कळतो : जिथे पैसा वाया जातो तिथे हात आखडणं ही काटकसर, जिथे माणसाला गरज आहे तिथे हात आखडणं हा चिक्कूपणा. आणि न मोजता कपात केली की ती बहुतेक वेळा घरात जो सगळ्यांत कमी मागतो, त्याच्याच वाट्याला येते.

करून पाहा

१. घरातल्या पाच उपकरणांचे वॅट आणि रोजचे तास लिहा. महिन्याचे युनिट काढा.
२. तुमच्या घरच्या अंघोळीच्या पाण्याचा हिशेब वरच्या सूत्राने मांडा.
३. घरात कोण काय न सांगता सोडतंय, ते शोधा. हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे.

ब्लोअर मी सोडला नाही, पण तीन तासांचा अर्धा तास केला. हिशेबाने रोजचे पाच युनिट वाचले. पुढचं बिल कमी आलं. फेब्रुवारीत थंडीही ओसरली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी घेत नाही. आजीला वही दाखवली. चष्मा लावून तिने दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या दहा महिन्यांच्या अंघोळी तू एका महिन्यात फुंकल्यास की गं!"

दुसऱ्या दिवसापासून तिची बादली मीच तापवून ठेवते.