गोंदियाच्या आकाशात हायजिया शोधण्याची कृती

मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहपट्ट्यात सेरेस, व्हेस्टा आणि पॅलास यांच्या खालोखाल मोठा आहे तो हायजिया. व्यास सुमारे ४३० किलोमीटर. पण त्याचा पृष्ठभाग कार्बनयुक्त आणि काळपट आहे. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ७ टक्के तो परत फेकतो. म्हणून सेरेस १८०१ मध्ये सापडला, तरी हायजियासाठी १८४९ साल उजाडावे लागले. नेपल्सच्या आन्निबाले दे गास्पारिस यांनी तो शोधला. दुर्बिणीतून तो इतर ताऱ्यांसारखाच ठिपका दिसतो. त्याची ओळख पटते ती चालीवरून, आणि पुढची सगळी कृती ती चाल पकडण्यासाठी आहे.

साहित्य

- ६ इंची परावर्ती दुर्बीण (१०×५० च्या द्विनेत्रीतून हायजिया दिसणे अवघड)
- स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर
- वही, पेन्सिल, घड्याळ
- लाल जिलेटीन कागद लावलेली बॅटरी
- स्वेटर, कानटोपी, बसायला स्टूल

कृती

१. रात्री ठरवा. हायजिया सर्वांत तेजस्वी असतो प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आल्यावर. तेव्हा त्याची दृश्यप्रत ९ ते १० च्या आसपास असते. प्रतियुती साधारण साडेचौदा महिन्यांनी येते. जुलैच्या ढगांत ती हुकली, तर पुढची ऑक्टोबरच्या सुमारास मिळते. प्रतियुतीजवळच्या अमावस्येच्या आसपासच्या तीन रात्री निवडा.

२. जागा निवडा. हलका धान कापून झाला की गावालगतची कोरडी बांधी उत्तम. मालकाला आधी विचारा. तलावाची पाळ मोकळी असली तरी टाळा, तिथे धुके लवकर धरते आणि काचांवर दव बसते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत किंवा जंगलाच्या कडेला रात्री थांबू नका; अस्वल आणि बिबट यांचा हा भाग आहे. एकटे जाऊ नका.

३. वेळ ठरवा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, गोंदिया ८०.२ अंशांवर. त्यामुळे इथली खरी मध्यरात्र घड्याळात साधारण १२ वाजून ९ मिनिटांनी होते, आणि प्रतियुतीतला हायजिया त्याच सुमारास सर्वांत उंच येतो. डिसेंबर-जानेवारीत तो जवळपास डोक्यावर असतो, तिथे डॉबसनी बैठकीची दुर्बीण फिरवणे जड जाते. अशा वेळी रात्री १० च्या सुमारास पूर्वेकडे पाहा. धुकेही तोवर कमी असते.

४. नकाशा काढा. स्टेलॅरियमच्या लघुग्रह-यादीत हायजिया नसल्यास जोडून घ्या. त्याच्याभोवतीच्या ३ अंशांचा, ११ व्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा छापा. परावर्ती दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, म्हणून नकाशा अर्धा फेरा फिरवून धरा.

५. दुर्बीण निववा. ती पाऊण तास आधी बाहेर ठेवा. आरसा हवेइतका गार झाल्याशिवाय ठिपके स्थिर होत नाहीत. तेवढ्यात डोळेही अंधाराला सरावतात. मोबाइल खिशातच राहू द्या.

६. ताऱ्यावरून ताऱ्याकडे जा. कमी वर्धनाच्या नेत्रिकेने जवळचा ठळक तारा गाठा. नकाशातले त्रिकोण, ओळी जुळवत पुढे सरका. अंधुक ठिपका हवा असेल तर त्याच्या किंचित बाजूला नजर ठेवा, तो उजळ भासतो.

७. चित्र काढा. वहीत वर्तुळ काढून दिसणारे सगळे तारे मांडा, संशयित ठिपक्यावर खूण करा. तारीख, वेळ, नेत्रिका लिहा.

८. पुढच्या दोन रात्री त्याच वेळी पुन्हा चित्र काढा. प्रतियुतीजवळ हायजिया रोज सुमारे १२ कला सरकतो, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या अर्ध्याहून थोडा कमी. जागचा न हललेला ठिपका तारा समजा आणि पायरी ६ पासून पुन्हा शोधा.

९. चाल मोजा. छापील नकाशाच्या मापाने दोन रात्रींमधले अंतर कलांत काढा. ते १२ च्या जवळ आले, तर ४७ कोटी किलोमीटरच्या सरासरी अंतरावरून सूर्याभोवती ५.६ वर्षांत एक फेरी घालणारा हायजिया तुम्ही स्वतः ओळखलात. शाळेच्या विज्ञानवर्गाने तिन्ही चित्रे शेजारी लावून हे मोजमाप प्रत्येक विद्यार्थ्याकडून वेगळे करून घ्यावे आणि सरासरी काढावी.