उन्हाचा लेप आणि त्यावरील अंक

कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागातील बेहाला हे उपनगर सुमारे २२.५ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. त्यामुळे जूनच्या प्रारंभी आणि पुन्हा ८ जुलैच्या सुमारास तेथे सूर्य माध्यान्ही थेट माथ्यावर येतो व उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. मात्र ही माध्यान्ह घड्याळात १२ वाजता होत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. बेहाला त्याच्याही पूर्वेस असल्याने तेथे या दिवसांत ११ वाजून ४० मिनिटांच्या आसपासच सूर्य सर्वांत उंच असतो. मुंबईत तोच क्षण साडेबारा उलटून गेल्यावर येतो. तेव्हा मुंबईकर पाहुण्याने बेहाला येथील साडेनऊचे ऊन कोवळे समजू नये. ते मुंबईच्या साडेदहाचे ऊन होय. घड्याळापेक्षा सावली अधिक विश्वासू : ती आपल्या उंचीहून आखूड झाली, की ऊन तीव्र झाले असे जाणावे.

त्वचेस अपाय होतो तो उन्हातील अदृश्य अतिनील किरणांमुळे. १८०१ मध्ये योहान रिटर यांनी त्यांचा शोध लावला. यांतील ‘बी’ किरण मुख्यतः त्वचा भाजतात. ‘ए’ किरण अधिक खोल शिरतात, खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचा अकाली वृद्ध करतात. दोन्हींमुळे त्वचेच्या कर्करोगाचा संभव वाढतो. सावळ्या त्वचेतील कृष्णरंजक हे संरक्षक द्रव्य खरे, परंतु वांगाचे डाग तिलाही चुकत नाहीत.

लेपाच्या नळीवर ‘एसपीएफ’ या अक्षरांपुढे जो अंक असतो, तो एक गुणोत्तर आहे. उघडी त्वचा लाल होण्यास जितके किरण लागतात, त्याच्या कितीपट किरण लेप लावलेल्या त्वचेस लागतात, हे तो सांगतो. १५ अंकाच्या लेपातून असे सुमारे ७ टक्के किरण आत जातात, ३० मधून ३ टक्के, ५० मधून २ टक्के. अंक दुप्पट झाला म्हणून अडविलेले किरण दुप्पट होत नाहीत. शिवाय हा अंक प्रामुख्याने ‘बी’ किरणांविषयीचा आहे. ‘ए’ किरणांसाठी ‘पीए’ या अक्षरांपुढील अधिक-चिन्हे पाहावीत. ती जितकी जास्त, तितके संरक्षण जास्त.

तथापि खरी फसगत निराळीच आहे. प्रयोगशाळेत हा अंक काढताना त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम लेप लावतात. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर धरल्यास एका वेळी सव्वा ग्रॅम लेप हवा. माणसे बहुधा त्याच्या निम्मा किंवा पावच लावतात. मग संरक्षणही निम्म्यावर वा त्याखाली येते, आणि ५० चे मोल देऊन पदरात पडतात वीस-पंचवीस. हिशेब सोपा आहे : ५० ग्रॅमची नळी चेहऱ्यास ४० वेळाच पुरावी. ती वर्षभर पुरत असेल, तर छापील अंक त्या घरात कधी अवतरलाच नाही असे म्हणावे लागेल. क्रिकेटपटू नाकावर जस्ताच्या ऑक्साइडचा जो पांढरा थर देतात, तो दिसावयास विचित्र, पण जाडीच्या बाबतीत निर्दोष असतो.

बेहालाच्या दमट हवेत घाम हा थर धुऊन नेतो. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे लेप लावून, दर दोन तासांनी व घाम पुसल्यावर तो पुन्हा लावावा. कान, मानेची मागील बाजू व पावले यांचा विसर पडू नये. सहा महिन्यांखालील बालकास लेपाऐवजी सावलीतच ठेवावे. मोठ्यांनीही छत्री घरी ठेवण्याचे कारण नाही.