पत्र्याच्या छपराची गळती : पावसाळ्यापूर्वी घरच्या घरी दुरुस्ती

खळ्यावरून घरात आलेले धान्य पुढे वर्षभर छपराच्या भरवशावर असते. साठवणीच्या धान्यात ओलाव्याचे प्रमाण १० ते १२ टक्क्यांच्या वर गेले की बुरशी व सोंडेकिडे वाढू लागतात. पत्र्याच्या एका भोकातून ठिबकणारे पाणी पोते खराब करण्यास पुरेसे होते. म्हणून पन्हळी जस्ती पत्र्याची दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी. ओल्या, निसरड्या पत्र्यावर पावसात चढणे जिवावर बेतू शकते.

गळती कोठे आहे ते शोधा

पाणी जेथे टपकते तेथेच भोक असते असे नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने किंवा वाशावरून वाहत येते व उतारावर खाली कोठेतरी ठिबकते. म्हणून भोक ठिबकण्याच्या जागेपेक्षा वर, आड्याच्या बाजूस शोधावे. भर उन्हाच्या वेळी दारे-खिडक्या लावून आत अंधार करावा. भोकातून उजेडाचा ठिपका दिसतो. त्या भोकातून बारीक तार वर सारून ठेवावी, म्हणजे छपरावरून जागा सापडते.

उजेड दिसत नसेल तर पाणी सोडून पाहावे. पाणी प्रथम वळचणीकडे सोडावे व थोडे थोडे वर सरकत जावे. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटे थांबावे. आत एका माणसाने लक्ष ठेवावे. वरून सुरुवात केल्यास सगळेच छप्पर भिजते आणि नेमकी जागा कळत नाही.

दुरुस्तीची पद्धत

१) बोल्टची भोके : बहुतेक गळती येथेच असते. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर असावा, खोलगट भागात नसावा. कारण पाणी खोलगट भागातून वाहते. जुना, कडक झालेला वायसर काढून टाकावा. प्रथम डांबरी वायसर, त्यावर लोखंडी वायसर व मग नट बसवावा. वायसर पत्र्याला घट्ट टेकेल एवढेच आवळावे. जास्त आवळल्यास उंचवटा दबतो आणि तेथेच पाणी साचते.

२) लहान भोके : गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा. जागा कोरडी व स्वच्छ करून रेडऑक्साइडचा हात द्यावा. तो वाळल्यावर थंड डांबरी लेप लावून त्यावर जाड सुती कापड किंवा गोणपाटाचा तुकडा बसवावा. तुकडा भोकाच्या चारही बाजूंना ७ ते ८ सें.मी. जास्त असावा. वरून पुन्हा लेप द्यावा.

३) मोठा गंजलेला भाग : येथे ठिगळ टिकत नाही. पत्रा बदलावा. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान १५ सें.मी. चढलेला असावा. उतार कमी असल्यास याहून जास्त ठेवावा. बाजूचा जोड दीड ते दोन पन्हळींचा ठेवावा. जोडाची उघडी कड पावसाळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावी. वारा पश्चिमेकडून येत असेल तर ही कड पूर्वेला असावी.

हे टाळा

भोकावर सिमेंटचा गिलावा थापण्याची पद्धत गावोगाव दिसते. पत्रा उन्हाने प्रसरण पावतो व रात्री आकुंचन पावतो. सिमेंट त्याबरोबर हलत नाही, त्यामुळे त्याला तडा जातो. शिवाय ओल्या सिमेंटमुळे जस्ताचा थरही खराब होतो.

पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवू नयेत. दगडाखाली ओल धरून पत्रा गंजतो. वादळात दगड खाली येऊन माणूस किंवा जनावर जखमी होऊ शकते. वाऱ्याचा उपसा वळचण, आढे व छपराच्या कडा येथे सर्वांत जास्त असतो. म्हणून या ठिकाणी बोल्ट जवळ जवळ घ्यावेत.

जिवाची काळजी

• काम सकाळी, दव वाळल्यानंतर करावे. एकट्याने चढू नये.

• शिडीचा पाय भिंतीपासून उंचीच्या एक-चतुर्थांश अंतरावर ठेवावा. १२ फूट उंचीला ३ फूट अंतर ठेवावे. खाली एकाने शिडी धरावी.

• पाय पत्र्याच्या मधोमध ठेवू नये. जेथे खाली वासा आहे, तेथे बोल्टच्या ओळीवर ठेवावा. पत्रा गंजलेला असल्यास दोन वाशांवर पोहोचेल अशी फळी टाकावी.

• सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय देऊ नये. तो कोणतीही सूचना न देता फुटतो व माणूस खाली पडतो. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असून तिच्यामुळे कर्करोग होऊ शकतो. असा पत्रा कापू नये, त्यास भोक पाडू नये व कोरडा घासू नये.

• चढण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. मात्र त्यामुळे खांबावरून घरात येणारी तार बंद होत नाही. ती तार पत्र्याला टेकत असेल तर शिडी लावू नये, पत्र्याला हात लावू नये आणि प्रथम वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास बोलवावे.

पहिली सर आली की आत फिरून प्रत्येक दुरुस्तीची जागा खालून पाहावी. धान्याची पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. कोठे थेंब दिसल्यास खडूने खूण करून ठेवावी आणि उघडीप मिळताच पत्रा पूर्ण वाळल्यावर ती जागा पुन्हा दुरुस्त करावी.