रस्ता कोणाचा?

नागरिकशास्त्र हा विषय आपण सर्वजण शाळेत शिकलो. पण बहुतेकांनी तो इतिहासाचे शेपूट म्हणूनच पाहिला. ग्रामपंचायतीची रचना, नगरपालिकेची कामे, नागरिकांची कर्तव्ये, हे सारे परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरून गेलो. मीही त्यांतलाच. परंतु गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील बंद दिव्यांनी हा विषय मला पुन्हा पहिल्यापासून शिकविला. त्या अभ्यासाचा हा वृत्तांत आहे.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. वडील कामासाठी चाकणला आले आणि औद्योगिक पट्ट्यातील एका गावात भाड्याच्या खोलीत आमचे बिऱ्हाड थाटले गेले. आई एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने पॅकिंगचे काम करते. दुसरी पाळी सुटली की कंपनीची बस हमरस्त्यावर सोडते. तेथून खोलीपर्यंत पायी यावे लागते. त्या रस्त्यावरचे दिवे चार महिने बंद होते. एका रात्री आई उघड्या गटारात पडली आणि तिचे मनगट मोडले. सहा आठवडे खाडा पडला. घरभाडे मात्र थांबले नाही.

तेव्हा आम्ही, सगळे करतात तेच केले. तोंडी तक्रार केली. एका कार्यालयात "हा रस्ता आमच्याकडे नाही" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कार्यालयात "बघू" म्हणाले. वडिलांचे दोन खाडे यातच गेले. ते म्हणाले, "आपण भाडेकरू माणसं. आपलं कोण ऐकणार?" घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेला मी, पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

राज्यशास्त्राच्या सरांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "रागावण्याआधी रस्ता कोणाचा ते शोध." हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या भागात कारखाने आधी आले आणि कारभार मागाहून आला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली निघाले. पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली ती १९७० साली, आणि महानगरपालिका १९८२ साली. चाकणची नगर परिषद तर २०१५ सालची. आजही या पट्ट्यात एखादा रस्ता ग्रामपंचायतीच्या हद्दीत सुरू होतो, महामंडळाच्या हद्दीतून जातो आणि राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. चालणाऱ्याला तो एकच रस्ता असतो. दप्तरात मात्र त्याचे तीन मालक असतात.

हे शोधण्याचे साधन कायद्याने दिलेले आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात माहितीचा अधिकार २००२ पासून लागू झाला आणि २००५ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला की तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. ग्रामपंचायतीला आपल्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही ठेवावी लागते. मी त्या नोंदीची प्रत मागितली. सव्विसाव्या दिवशी उत्तर आले: पहिल्या अकरा खांबांपर्यंतचा रस्ता ग्रामपंचायतीचा, पुढच्या सात खांबांचा तिच्या नोंदीत नाही. चार महिन्यांत जे कळले नव्हते ते एका कागदाने कळले.

दुसरा धडा सह्यांचा. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होणाऱ्याला किमान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. हा नियम मी इतिहासाच्या तासाला नुसता लिहून घेतला होता. त्याचे मोल आता कळले. एकट्याचा अर्ज म्हणजे गाऱ्हाणे, पन्नासांचा अर्ज म्हणजे मागणी. मी आणि शेजारच्या दोन ताई खोल्याखोल्यांतून हिंडलो. त्रेसष्ट सह्या झाल्या. अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०१३ साली 'सारथी' ही दूरध्वनी सेवा सुरू केली, तिचे मर्मही हेच की तक्रारीला क्रमांक मिळू लागला. क्रमांक नसलेली तक्रार कोणी नाकारू शकतो. क्रमांक असलेलीचे उत्तर द्यावे लागते.

पण खरी अडचण ग्रामसभेत आली. "हे गावचे मतदार नाहीत," असा आक्षेप निघाला. तो कायद्याला धरूनच होता. गावच्या मतदार यादीत नावे असलेल्यांचीच ग्रामसभा असते. त्रेसष्ट सह्यांपैकी यादीत नऊच नावे होती. आम्ही येथे राबत होतो, भाडे भरत होतो, पण कागदोपत्री येथले नव्हतो. मान खाली घालून परतणार, इतक्यात आमच्या खोलीमालकाच्या आई उठल्या. "पोरी रात्री माझ्याच दारावरून येत्यात. मी मतदार हाय. लिहा माझ्या नावानं," म्हणाल्या. ठराव मंजूर झाला. त्याच आठवड्यात मी मतदार नोंदणीचा नमुना ६ भरला आणि वस्तीतल्या बावीस जणांचे भरून दिले.

तिसरा धडा पाठपुराव्याचा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, आणि त्यानंतरही न्यायालयाचा अंतिम निर्णय १९३७ साली लागला. तो माणुसकीच्या हक्काचा संग्राम होता. आमच्या दिव्यांची त्याच्याशी तुलना करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. परंतु ठराव होणे वेगळे आणि अंमल होणे वेगळे, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आमच्या ठरावानंतर मी दर सोमवारी आवक क्रमांक घेऊन जात राहिलो. सातव्या सोमवारनंतर अकरा दिवे लागले.

पुढचे सात अजून बंद आहेत. त्यांचा अर्ज दुसऱ्या कार्यालयात आहे, आवक क्रमांकासह. आई अकराव्या खांबापर्यंत निर्धास्त येते. तेथून पुढे मी बॅटरी घेऊन जातो.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यातील कितीतरी जण अशाच वस्त्यांतून येतात. आपल्या आईवडिलांना अर्ज लिहिता येत नाही, आपल्याला येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण श्रमदान करतो, ते चांगलेच आहे. त्याबरोबर एक दिवस वस्तीत बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत आणि मतदार नोंदणीचे नमुने भरून घ्यावेत, अशी माझी प्राध्यापकांना व मित्रांना नम्र सूचना आहे. पहिल्या दिवसासाठी आमच्या खोलीसमोरची जागा देण्यास खोलीमालकाच्या आई तयार आहेत.